काटा खाली आला तेव्हा

डिसेंबरात खान्देशात जायचं ते भरीत खायला, असं मी घरी सांगितलं आणि कोणी शंका घेतली नाही. शहात्तर वर्षांच्या माणसाला भरीत खावंसं वाटतं, यात काय विशेष? पण मी एका माणसाला शोधायला निघालो होतो. त्याचं नाव सुपडू. चाळीसएक वर्षांपूर्वी त्याच्याबद्दल मी एक अहवाल लिहिला होता. तो चुकीचा होता आणि आजवर ते फक्त मलाच माहीत होतं. माझ्या बंडीच्या खिशात एक गंजकी स्प्रिंग होती, वीतभर लांब, अंगठ्याहून जाड. ती त्या माणसाच्या हातात द्यायची, एवढंच ठरवलं होतं. पुढे काय बोलायचं ते ठरत नव्हतं.

गाडी माझीच, बारा वर्षांची जुनी. चालवायला मुलगी वैशाली. ती बँकेत असते, चार दिवस रजा घेऊन आली होती.

लळिंगच्या घाटात

मालेगाव सोडलं आणि सपाट मोकळा रस्ता लागला. वैशालीनं वेग वाढवला. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीच्या बायका ओळीनं वाकलेल्या. पुढे एक ट्रॅक्टर कापूस भरून चाललेला, त्यातून पांढरे पुंजके उडून आमच्या काचेवर येत होते. मी ते बघत होतो, म्हणून तापमानाच्या काट्याकडे माझं लक्ष उशिरा गेलं. काटा मधली रेघ सोडून वर सरकला होता.

"एसी बंद कर आणि हळू घे," मी म्हणालो.

तिनं वेग कमी केला, तसा काटा थोडा उतरला. घाट लागताच पुन्हा चढला. लळिंगचा किल्ला उजवीकडे दिसायला लागला तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ निघू लागली. गाडी कडेला घेतली. वैशाली खाली उतरली, बॉनेट उघडलं आणि हातात फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच मी ओरडलो.

"हात लावू नकोस!"

"अहो अण्णा, केवढं ओरडता! पाणी तर घालायलाच हवं ना?"

मी तिला समजावलं. ते झाकण नुसतं झाकण नसतं. आतलं पाणी ते दाबून धरतं, म्हणून शंभर अंशांच्या पुढे जाऊनही पाणी उकळत नाही. तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं की दाब सुटतो आणि सगळं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. माझ्या वर्कशॉपमध्ये अशी भाजलेली दोन माणसं मी पाहिली आहेत. आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर आतलं लोखंड तडकतं. म्हणून गप्प बसायचं, अर्धा तास.

अर्धा तास बसलो. किल्ल्याच्या पायथ्याशी एक ठेलारी बाई मेंढ्या चारत होती. कपाळभर कुंकू, दंडात चांदीचं जाड कडं. वाफ पाहून ती आपणहून जवळ आली. डोक्यावरच्या बोचक्यातून पाण्याची बाटली काढून तिनं पुढे केली आणि मला विचारलं, "पानी टाकं नई का भाऊ गाडीमा?"

गाडीत पाणी घातलं नव्हतं का, एवढंच तिनं विचारलं. सहज, काळजीनं. आमच्या नाशकाकडे गाडी तापली तर लोक आधी "पंखा गेला असेल" म्हणतात. खान्देशात पहिला प्रश्न पाण्याचा. उन्हाळ्यात इथं एवढं तापतं, की पाण्याचा डबा न घेता निघालेला ड्रायव्हर म्हणजे आळशी माणूस, हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. वैशालीनं त्या बाईला सांगितलं, "घातलं होतं हो मावशी, काठोकाठ."

"मंग गयं कथं?" बाई म्हणाली. मग गेलं कुठं?

प्रश्न अगदी बरोबर होता. एवढाच प्रश्न मी चाळीस वर्षांपूर्वी विचारायला हवा होता.

धुळे

धुळ्यात रफिकभाईंच्या गॅरेजमध्ये गाडी घातली. पन्नाशीचा माणूस, दाढीला मेंदी, बोलणं मराठीत आणि शिव्या हिंदीत. त्यांची काम करायची रीत मला आवडली. त्यांनी एकही पाना हातात घेतला नाही, आधी प्रश्न विचारले. कधी तापते? उभी असताना की पळताना? चढावर की सपाटीला? गावातल्या गर्दीत काटा कुठं असतो?

"गावात ठीक असते. रस्त्यावर वेग घेतला की चढते," वैशालीनं सांगितलं.

"मग पंखा नाही. पंखा गेला असता तर गर्दीत तापली असती. पळताना वारा आपोआप लागतो."

गाडी गार झाल्यावर त्यांनी झाकण काढलं, रबर दाबून पाहिलं. ठीक होतं. इंजिन सुरू करून पाण्यात बुडबुडे येतात का पाहिलं. बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट गेलं असं समजतात, म्हणजे इंजिनातला जाळ पाण्याच्या वाटेत शिरला. आले नाहीत. पाणी तेलात मिसळलं की तेलाच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरा थर येतो, तो आहे का पाहिलं. नव्हता. समोरून जाळीवर टॉर्च मारला. स्वच्छ.

मी मात्र एकच गोष्ट सांगत होतो. "खालची नळी बघा. रेडिएटरमधून पाणी इंजिनात ओढून घेणारी. तिच्यात स्प्रिंग आहे का बघा."

रफिकभाईंनी वाकून नळी दाबली. "आहे चाचा, कडक आहे."

पाच मिनिटांनी मी पुन्हा म्हणालो. त्यांनी पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "चाचा, या नळीशी तुमची काय दुश्मनी आहे?"

वैशाली हसली. मीही हसल्यासारखं केलं.

शेवटी ते म्हणाले, थर्मोस्टॅट अडकत असेल. पाणी गरम झाल्यावर उघडणारं छोटं दार असतं ते. "काढून टाकू? आमच्याकडे सगळे काढूनच टाकतात. या गरमीत काय करायचंय त्याला?" ही इथली जुनी चाल. माझ्या काळीही होती. मी नको म्हणालो. दार काढलं की पाणी रेडिएटरमधून धावत सुटतं, गार व्हायला थांबतच नाही, आणि थंडीत इंजिन तापायला तास लागतो. त्यांनी ते काढून घरच्या चहाच्या पातेल्यात उकळलं. दार डोळ्यांदेखत उघडलं, गार होताच मिटलं. पुन्हा बसवलं. "मग काय आहे ते मला कळत नाही," ते सरळ म्हणाले. न कळल्याचं कबूल करणारा मेकॅनिक मला फार वर्षांनी भेटला.

जेवायला त्यांनीच पत्ता दिलेल्या ढाब्यावर गेलो. हिरव्या वांग्यांचं भरीत, कापसाच्या वाळल्या काड्यांवर भाजलेलं, मग लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचलेलं, वर कच्ची कांद्याची पात. सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी. नाशकात आपण वांगं गॅसवर भाजतो आणि त्यालाच भरीत म्हणतो. वैशालीनं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि डोळे पुसत म्हणाली, "तिखट आहे हो, पण थांबवत नाही."

संध्याकाळी मी तिला पांझरेच्या पुलापलीकडे नेलं. मी नोकरीला होतो ते कापसाचं जिनिंग तिथं होतं. आता तिथं लग्नाचं लॉन आहे. फाटकावर प्लास्टिकची झेंडूची कमान. तिनं मोबाईलवर माझा फोटो काढला. त्या जागी काय झालं होतं ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही. वाचकांना सांगतो.

जिनिंगच्या चार जीप होत्या. त्यांची देखभाल माझ्याकडे. सुपडू हा चोवीस वर्षांचा ड्रायव्हर, पारोळ्याकडचा. निघण्यापूर्वी चाकांच्या पाया पडायचा, इतका त्या कामावर जीव. एका वैशाखात तो मॅनेजरसाहेबांना घेऊन जळगावला निघाला आणि पारोळ्याच्या पुढे जीपचं इंजिन जाम झालं. रेडिएटर कोरडा ठणठणीत. सुपडू सांगत राहिला, मी पाणी घातलं होतं. काटा एकदा वर गेला, मी थांबायला सावली बघत होतो, तेवढ्यात काटा आपोआप खाली आला. वाटलं, बरं झालं, गार झाली. म्हणून पुढे निघालो.

सगळे हसले. काटा खाली आला म्हणे! मी अहवालात लिहिलं: ड्रायव्हरने पाणी न घालता वाहन चालविले. त्याला काढून टाकलं.

आठव्या दिवशी मी वर्कशॉपमधला टेबलाखालचा ट्रे ओढला आणि त्यात ही स्प्रिंग सापडली. जीप जळगावला जायच्या आदल्या दिवशी खालची नळी मीच बदलली होती. नव्या नळीत स्प्रिंग नव्हती. जुनीतली काढून घालायची म्हणून बाजूला ठेवली, फोन आला, उठलो, परत येऊन तशीच नळी बसवली. स्प्रिंग नसली की इंजिन वेगात पाणी ओढतं तेव्हा नळी आत चिकटून चपटी होते, पाणी फिरायचं थांबतं, उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. गाडी थांबली की नळी पुन्हा गोल. कोणाला काही दिसत नाही. जाऊन जीपची नळी दाबून पाहिली. मऊ होती. मी स्प्रिंग खिशात घातली आणि घरी गेलो.

एरंडोल

दुसऱ्या दिवशी पारोळ्यापुढे काटा पुन्हा चढला. ताशी साठच्या खाली मात्र शांत. वैशालीनं मग ट्रकवाल्यासारखं एका कडेनं, सावकाश चालवलं, आणि त्यामुळे मला शेतं नीट दिसली. कापूस संपून केळी लागायला सुरुवात झाली होती. केळीच्या घडांना निळ्या पिशव्या बांधलेल्या, जणू बागेत कोणी टोपडी वाळत घातली आहेत.

एरंडोलला एका पानवाल्याकडे सुपडूची चौकशी केली. पारोळ्याचा, जुना ड्रायव्हर, साठी उलटलेला.

"सुपडू? कोनता सुपडू?" त्यानं दोन गिऱ्हाइकांना विचारलं. मग त्यातल्या एकाच्या ध्यानात आलं. "आसं सांगा ना, कोरडा नाना! पाळधीच्या पुढे रेडिएटरचं दुकान आहे त्याचं. कोणालाही विचारा, कोरडा नाना म्हणून."

"असं का म्हणतात त्यांना?" वैशालीनं विचारलं. तिला अशा नावांचं कुतूहल फार.

"ताई, त्यानं म्हणे जवानीत पाण्याशिवाय जीप हाणली होती! मग कोणी ड्रायव्हर म्हणून ठेवीना. आता बघा, आयुष्यभर रेडिएटरच भरतोय." आणि सगळे मोकळेपणानं हसले. द्वेष नव्हता त्यात. नावच पडलेलं.

गाडीत बसल्यावर वैशालीही हसून म्हणाली, "भारी आहे. अण्णा, तुम्ही याच माणसाला शोधताय का? का?"

"पोचल्यावर सांगतो," मी म्हणालो.

पाळधीच्या पुढे

पत्र्याचं दुकान. समोर निंबाखाली पाण्याचा हौद, त्यात रेडिएटर बुडवून गळती शोधायची. भिंतीला पितळी जुने रेडिएटर टांगलेले. सुपडू स्टुलावर बसून एका रेडिएटरला कथलाचा डाग देत होता. केस पांढरे, चष्म्याला दोरी. मी नमस्कार केला. त्यानं मान वर न करता विचारलं, "काय होतंय गाडीला?" वैशालीनं सगळं सांगितलं, रफिकभाईंनी काय काय पाहिलं तेही. मग मी म्हणालो, "घाटात वाफही निघाली," आणि त्याचा डाग देणारा हात थांबला.

"आवाज वळखा मी," तो म्हणाला. "या साहेब. बसा."

मी बसलो नाही. स्प्रिंग काढून त्याच्या पुढच्या फळीवर ठेवली. त्यानं चष्मा वर करून ती पाहिली, बोटानं फिरवली. सांगावं लागलं नाही.

"जीपनी," तो म्हणाला. "खालनी नळीनी."

"हो. मी घालायची विसरलो होतो. तुझी काही चूक नव्हती."

मला वाटलं होतं तो चिडेल, किंवा रडेल, किंवा मला हाकलेल. तो उठला आणि कोपऱ्यातून एक लाकडी फळी घेऊन आला. तिच्यावर जुन्या जीपचा तापमानाचा काटा, बॅटरी, आणि वायरीच्या टोकाला पितळी सेन्सर. शेगडीवर पाणी उकळत होतं. सेन्सर त्यात बुडवला, काटा वर गेला. सेन्सर पाण्याबाहेर काढून धरला. काटा हळूहळू खाली आला.

"बघा ताई," तो वैशालीला म्हणाला. "इंजिनात पाणी असलं तर हा पाण्याचा ताप सांगतो. पाणी निघून गेलं की हा उघडा पडतो, मग खाली येतो. इंजिन जळत असतं आणि काटा म्हणतो, सगळं ठीक. हे मी चाळीस वर्षांपासून लोकांना दाखवतो. लोक म्हणतात, नानाचा खेळ." मग माझ्याकडे वळून आपल्या बोलीत म्हणाला, "पानी गयं कसं, ते बी माले समजेल व्हतं. धा गाड्यास्मा पाही तशी नळी. पन त्या जीपमा तशीच व्हती, हाई कोन सांगी?"

मी मान हलवली. ते सांगू शकणारा माणूस एकच होता.

मग त्यानं विचारलं, "साहेब, हाई तुम्हले कधी समजनं?"

हा प्रश्न येईल हे मला माहीत होतं, आणि त्याचं एक सोपं उत्तर मी वाटेत तयार केलं होतं. परवा अडगळ काढताना स्प्रिंग सापडली, असं. वैशाली माझ्याकडे बघत होती. तोंड उघडलं तेव्हाही मला खात्री नव्हती की कोणतं उत्तर निघणार.

"आठव्या दिवशी," मी म्हणालो.

सुपडू हौदाकडे वळला. हौदातल्या पाण्यावर निंबाची पानं फिरत होती, ती बघत राहिला. "माले वाटे, साहेबले ठाऊक नई," तो शेवटी म्हणाला. "ठाऊक नई म्हणीसन मी तुम्हले कधी शिवी देल नई."

तो उठला आणि आमच्या गाडीकडे गेला. इंजिन सुरू करायला लावलं, पंखा फिरू लागला. वर्तमानपत्राचा एक तुकडा फाडून त्यानं पुढच्या जाळीवर धरला आणि सोडला. कागद जाळीला चिकटून राहायला हवा होता. तो सरळ खाली पडला. "वारा आत जातच नाही," तो वैशालीला म्हणाला.

मग त्यानं रेडिएटर खोलला. पुढे असते ती एसीची जाळी, तिच्या मागे रेडिएटरची. दोन्हींच्या मध्ये बोटभर जागा. तिथं कापसाची रुई, धूळ आणि किडे यांचा नमद्यासारखा थर बसला होता, गोधडीच जणू. समोरून पाहिलं तर पुढची जाळी स्वच्छच दिसणार. त्यानं तो थर अख्खा सोलून काढून माझ्या हातात दिला.

"कापसाच्या दिवसांत इकडे प्रत्येक गाडीला होतं हे. बाहेरच्या मेकॅनिकला सापडत नाही. तुम्ही तर नळीच बघत बसले असाल," तो म्हणाला.

वैशाली एकदम म्हणाली, "तीनदा दाबायला लावली हो नाना यांनी!" आणि तो पहिल्यांदा हसला. अगदी थोडं.

काम झाल्यावर मला वाटलं आता निरोप. त्यानं हात धुतले आणि म्हणाला, "चला, चहा." समोरच्या टपरीवर तीन म्हातारे ड्रायव्हर बसले होते, त्यांत हिलाल आबा नावाचे एक, सगळ्यांत थोरले. त्यांनी लांबूनच हाक मारली, "ये रे कोरडा!"

सुपडूनं मला त्यांच्यासमोर उभं केलं. "सांगा साहेब. जे माले सांगं, ते यास्ले सांगा. आठवा दिवस बी सांगा."

मी सांगितलं. बाकाच्या पाठीला धरून सांगितलं. नळी, स्प्रिंग, ट्रे, अहवाल, आठवा दिवस. मध्येच एकानं विचारलं, नळी चपटी होते ती थांबल्यावर गोल कशी, आणि मला ते दोनदा समजवावं लागलं.

हिलाल आबांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या. "म्हंजे चाळीस वरीस आम्ही चुकीना माणूसले कोरडा म्हणत ऱ्हायनूत." मग माझ्याकडे बोट केलं. "कोरडा तर हाऊ साहेब शे!"

टपरी हसली. सुपडू हसला नाही, पण त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि चहाचा एक पेला उचलून माझ्या हातात दिला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, मी विचारलंही नाही. निघताना टपरीवाल्यानं धावत येऊन खिडकीतून पाण्याची बाटली आत टाकली. "कोरडे साहेब, पाणी राहू द्या संगं!"

स्प्रिंग सुपडूनं त्या काट्याच्या फळीला खिळ्यानं टांगली. आता नानाचा खेळ पुरा झाला.

परत

परतीच्या वाटेवर एरंडोल मागे पडलं तसा वैशालीनं वेग वाढवला. काटा मधल्या रेघेवर खिळलेला होता. ऐंशीनं चाललो तरी हलला नाही. पारोळ्याच्या अलीकडे एक लांब उतार आहे. दुपार कलली होती, वारा गार झाला होता, आणि उतारावर काटा रेघेखाली बारीकसा उतरला. गार वाऱ्यात, इंजिनवर जोर नसताना तो एवढा उतरतो, त्यात काही नसतं.

वैशालीनं मला विचारलं नाही. तिनं गाडी कडेला घेतली, उतरली, बॉनेट उघडलं. झाकणाला हात लावला नाही. रेडिएटरला जोडलेल्या बाजूच्या पांढऱ्या बाटलीत वाकून पाण्याची पातळी पाहिली आणि काचेतून मला खूण केली.

पाणी होतं.